पाव किलोची हातोडी

आयुष्यात मी मूर्खपणा पुष्कळ केला, पण सहीनिशी केलेला एकच. धुळ्याच्या एका वर्कशॉपमध्ये चाकांवरच्या एका घराभोवती मी दोन फेऱ्या मारल्या, पडद्याला हात लावला, "अगंबाई, किती गोड!" म्हणाले आणि कागदावर सही ठोकली. कागदावर लिहिलं होतं, 'पाहून, तपासून, समाधानाने ताब्यात घेतले.' पाहिलं होतं हे खरं. पडदा पाहिला होता. गुलाबी, त्यावर पांढरी फुलं. ते कापड मीच जळगावहून नेऊन दिलेलं. म्हणजे मी तपासलं काय, तर माझंच मी आणलेलं कापड.

हे आज सत्तरी ओलांडल्यावर लिहिते आहे ते लाज गेली म्हणून नव्हे. लाज शाबूत आहे. पण त्या सहीपायी मला सुखदेव नाना खरे कळले, आणि नानांबद्दल लिहायचं तर तेव्हा मी जी बाई होते तिच्यापासूनच सुरुवात करावी लागते. चौतीस वर्षांची, कडक इस्त्रीची पांढरी साडी, केसांत मोजून अकरा पिना, आणि आपल्याला सगळं कळतं याबद्दल तिळमात्र शंका नाही. आज ती बाई रस्त्यात भेटली तर मी समोरच्या फुटपाथवर जाईन.

जळगावात आमचा एक लहानसा धर्मादाय दवाखाना होता. मी तिथली सिस्टर. महिन्यातून दोनदा आमची जीप सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर जायची. डॉक्टरीणबाई, मी आणि ड्रायव्हर सलीमभाई. तिथे बायकांना तपासायला आडोसा नसे. एकदा दोन साड्या धरून आडोसा केला, तर वाऱ्याने दोन्ही साड्या नाल्यापलीकडे नेल्या. मुक्कामाची सोय नाही म्हणून दुपार कलली की परत फिरावं लागे आणि निम्म्या बायका तशाच राहून जात. एका बैठकीत मी उठून म्हणाले, "जीपला मागे जोडता येईल असं एक घरच करून घेऊ या." तसं चित्र मी एका जुन्या परदेशी मासिकात पाहिलं होतं. त्यातली बाई त्या घराच्या दारात बसून अंडं तळत होती आणि हसत होती. तिचं घर कोणीतरी आधी तपासलेलं असणार, हे मला पुढे कळलं.

आमचे अध्यक्ष अण्णासाहेब म्हणाले, "सिस्टर, कल्पना तुमची, तर करवून घ्यायचं कामही तुमचं."

मी फुलले. धुळ्याला बापू मिस्त्री म्हणून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणारा एक माणूस होता, त्याच्याकडे गेले. चाकांवरचं घर त्याने कधी बनवलं नव्हतं, मी कधी बनवून घेतलं नव्हतं. दोघांचा आत्मविश्वास सारखाच. मी मागण्या सांगितल्या : गुलाबी पडदे, स्टीलची मोरी, आरशाचं कपाट, समोर मोठी खिडकी, आणि खिडकीची शोभा जाऊ नये म्हणून पाण्याची टाकी अगदी मागे. खालचा सांगाडा, चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे, जीपला जोडायचा दांडा यांतलं एक अक्षर विचारलं नाही. माझी समजूत अशी की ते असतंच, जसं माणसाच्या अंगात हाडं असतात. मी सिस्टर होते आणि मोडकी हाडं रोज बघत होते, हे इथे नमूद करून ठेवते.

आता नानांकडे येऊ.

दवाखान्यामागच्या गल्लीत सुखदेव नाना राहायचे. गाव अमळनेरकडचं. वरणगावच्या सरकारी कारखान्यात तपासणी खात्यात उभी हयात नोकरी करून निवृत्त झालेले. तिथे नेमकं काय तपासायचे ते त्यांनी बायकोलाही कधी सांगितलं नाही. "सरकारी गुपित," एवढंच म्हणायचे. त्यांच्या बायको गयाबाई म्हणायच्या, "मला तर वाटतं, हे तिथे जेवणाचे डबे तपासत असतील."

उंच, काटकुळा माणूस. कान एवढे मोठे की टोपी त्यांच्यावरच टेकलेली असायची. खांद्याला कापडी पिशवी, आणि पिशवीत तीन वस्तू कायम : पाव किलोची एक हातोडी, पांढऱ्या खडूचा तुकडा, आणि सायकलच्या आऱ्याला बांधलेला बायकांच्या पर्समधला गोल आरसा. आरसा वस्तूच्या पोटाखाली घालून बघायचा, हातोडीने ठोकायचं, कान लावायचा, आणि मग खडूने लिहायचं. पास किंवा नापास. तिसरा शब्द त्यांच्याकडे नव्हता. 'बरं आहे', 'चालेल', 'होऊन जाईल' असलं कोणी बोललं की ते त्या माणसाकडे असे बघायचे जणू त्यालाच ठोकून पाहणार आहेत.

खुर्चीवर बसण्याआधी ते खुर्ची ठोकायचे. कलिंगडवाला त्यांना लांबून पाहिलं की गोणपाट ओढून माल झाकायचा. घरात बुद्धाची मोठी तसबीर होती. तिचा खिळा त्यांनी तीनदा बदललेला. गयाबाईंना मी एकदा विचारलं, "तुम्हाला कधी पास केलं का नानांनी?" तर म्हणाल्या, "तीस वर्षं झाली, माझी तपासणी अजून चालू आहे."

मुलीसाठी दोन स्थळं आली, त्याची गोष्ट सगळी गल्ली सांगायची. पहिला मुलगा बँकेत. दारात स्कूटर, तिला लाल मखमली सीटकव्हर. दुसरा जामनेरला बाजार समितीत साधा कारकून, त्याच्याकडे सायकल. नानांनी पोह्यांना हात लावण्याआधी दोन्ही घरी वाहनं तपासली. स्कूटरचा मागचा ब्रेक लागत नव्हता. कारकुनाच्या सायकलीची साखळी तेल घातलेली, ब्रेकचे रबर नवे, घंटी एका बोटाने वाजणारी. नानांनी तिथल्या तिथे होकार दिला. गयाबाई महिनाभर बोलल्या नाहीत. जावई पुढे कसा निघाला विचाराल, तर चांगला निघाला. पण नानांना त्याचं श्रेय दिलं की चिडायचे. म्हणायचे, "मी मुलगा कुठे तपासला? मी सायकल तपासली."

मला सगळ्यांत आवडते ती व्यासपीठाची गोष्ट. गल्लीजवळच्या मैदानावर कुठल्याशा पुढाऱ्याची सभा होती. नानांनी सकाळी जाऊन मांडवाच्या बल्ल्या ठोकल्या, एका कोपऱ्यावर नापास लिहिलं आणि सगळ्यांना सांगत सुटले. कोणी ऐकलं नाही. सभा झाली, वीस माणसं वर चढली, उतरली, मंच हललासुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी पानाच्या टपरीवर पोरं हसली, "काय नाना, पडलं का?" नाना शांतपणे म्हणाले, "पडलं नाही म्हणून ते पास होत नाही." आणि पुन्हा मैदानावर जाऊन, मांडववाला बल्ल्या काढत होता त्याला सुटलेला दोर दाखवून आले.

हे वाक्य तेव्हा मला हट्टी म्हाताऱ्याचं वाटलं होतं.

तर ट्रेलर, म्हणजे ते चाकांवरचं घर, आला. पिवळाधमक रंग, दोन्ही बाजूंना मोठं लाल अधिकचिन्ह, आत माझे गुलाबी पडदे. दवाखान्यासमोर उभा केला, झेंडूचे हार घातले. पुढच्या सोमवारी पहिली फेरी ठरलेली. अण्णासाहेब फीत कापायला आले, गल्ली जमली, मी आरशाच्या कपाटात स्वतःला चार वेळा बघून घेतलं. एवढ्यात बायका खुसुखुसु हसायला लागल्या. मी वळून बघते तर पुढच्या दांड्याजवळ, झेंडूच्या हाराच्या बरोबर खाली, ठसठशीत अक्षरांत : नापास.

नाना बाजूला उभे. हातातली हातोडी पिशवीत घालत होते.

"हे कोणी लिहिलं?" अण्णासाहेबांनी विचारलं.

"मी."

"तुम्ही कोण?"

"मागच्या गल्लीतला."

"तुम्हाला कोणी बोलावलं होतं?"

"कोणीच नाही," नाना म्हणाले. "म्हणून तर खरं लिहिता आलं."

मी पुढे झाले आणि रुमालाने ते अक्षर पुसलं. नानांनी परत लिहिलं. मी परत पुसलं. त्यांनी तिसऱ्यांदा लिहिलं. मी म्हणाले, "नाना, चांगल्या कामात विघ्न आणता? रंग बघा, आतली सोय बघा!"

नानांची एक गंमत होती. शांत असले की नोकरीत शिकलेलं पुस्तकी मराठी बोलायचे. राग आला की अमळनेर बाहेर यायचं. ट्रेलरभोवती नजर फिरवून ते म्हणाले, "रंग चांगला शे. गाडी कोठे शे?"

लोक हसले. मग त्यांनी खडू माझ्या हातात दिला. "आते तू लिख. पास लिख, आनि खाले तुनं नाव लिख."

मी खडू धरून उभी राहिले. धुळ्याला सही करताना हात जराही थांबला नव्हता. पण तिथे कोणी माझ्या तोंडाकडे असं बघत नव्हतं. मी खडू त्यांच्या पायाशी टाकला आणि आत निघून गेले. फीत कापली गेली, पेढे वाटले गेले. मी एकही खाल्ला नाही, राग म्हणून. दुसऱ्या दिवशी तीन खाल्ले.

पेढे खाऊन तरतरी आली तशी नानांशी भांडायला त्यांच्या घरी गेले. काय काय बोलायचं ते पाठ करून गेले होते. गयाबाईंनी चहा दिला. नाना ओसरीवर पाय सोडून बसले होते. माझं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "सिस्टरबाई, पोटावर खोल जखम आहे. तू नुसती वरची कातडी शिवलीस आणि पावडर लावलीस. काय होईल?"

"आत पू होईल," मी म्हणाले. "चार दिवसांत टाके फाटतील."

"चल मग, तुझ्या गाडीची कातडी काढून दाखवतो."

ट्रेलरजवळ गेल्यावर त्यांनी चाकू माझ्या हातात दिला. जीपला जोडायचा दांडा जिथे सांगाड्याला मिळत होता, तिथला पिवळा रंग मला खरवडायला लावला. रंगाखालून लोखंड निघेल अशी माझी कल्पना. निघाली लांबी. रंगारी लोक दाराखिडक्यांच्या भेगा बुजवायला जी वापरतात तीच, सुकून पापडी झालेली. पापडी काढली तर खाली वेल्डिंगचे चार तुटक टिपके, मध्ये बोट जाईल एवढी मोकळी जागा.

"हे झालं डोळ्याला दिसणारं," नाना म्हणाले. "आता न दिसणारं."

दुसऱ्या बाजूला जोड वरून अखंड दिसत होता. त्यावर त्यांनी मला रॉकेल लावायला लावलं. थोडा वेळ थांबून फडक्याने कोरडं पुसायला लावलं. वर चुन्याचा पातळ हात द्यायला लावला. चुना वाळला, पांढराशुभ्र झाला. मग त्यांनी ती पाव किलोची हातोडी माझ्या हातात दिली. "ठोक. जोरात नको. दारावर पाहुणा ठोकतो तसं."

मी ठोकलं. दोन, तीन, चार. आणि त्या पांढऱ्या चुन्यावर एक काळी ओली रेघ हळूहळू उमटत गेली, करंगळीएवढी लांब. भेगेत शिरून बसलेलं रॉकेल ठोक्यांनी बाहेर येत होतं. जखमेवरच्या स्वच्छ पट्टीवर रक्त उमटावं, अगदी तसं. मी आयुष्यात पुष्कळ पट्ट्या पाहिल्या होत्या. ही पाहून मी हातोडी खाली ठेवली, कारण त्या दांड्याच्या मागे झोपणार होते मी आणि डॉक्टरीणबाई. आणि तपासणीच्या टेबलावर असणार होती एखादी दिवस भरलेली बाई.

"आणि ही टाकी मागे कोणी सांगितली?" नानांनी विचारलं.

"बापू मिस्त्रीने," मी धडधडीत खोटं बोलले.

नानांनी येणाऱ्याजाणाऱ्या तिघांना बोलावून ट्रेलरच्या मागच्या कडेवर उभं केलं. दांडा पुढून उचलला गेला आणि छातीपर्यंत आला. "टाकी भरली की चढावर हा असा वर येईल, जीपची मागची चाकं उचलू बघेल, आणि तुझं घर शेपूट हलवत चालेल. मिस्त्री ट्रॉल्या बनवतो. एवढं त्याला कळतं." माझ्याकडे न बघता त्यांनी टाकीवर लिहिलं : नापास. मग जरा थांबून खडूनेच पडद्याखालच्या स्टोव्हवर लिहिलं : नापास. स्टोव्हच्या ज्योतीवर वीतभर अंतरावर माझा गुलाबी पडदा झुलत होता.

"पडदा तरी पास करा नाना," मी रडवेल्या आवाजात म्हणाले.

"पडदा चांगला आहे. जागा चुकली."

त्याच दुपारी अण्णासाहेबांपुढे उभी राहिले आणि ट्रेलर परत पाठवा म्हणाले. त्यांनी माझी सही असलेला कागद टेबलावर सरकवला. "सिस्टर, 'तपासून' असं लिहिलंय इथे. आता परत पाठवायचं तर कारण काय कळवू?"

"कळवा की सिस्टरने न बघता सही केली."

"तुमची शोभा होईल."

"झालीच आहे. आता फक्त ती गावाला कळवायची."

"सोमवारची फेरी जाहीर केली आहे. ट्रेलर निघणार. तुम्हाला भीती वाटत असेल तर दुसरी सिस्टर पाठवतो. मग तुमची इथे गरज काय, तेही बघावं लागेल."

मी घाबरले. नोकरी गेली असती तर घरी सांगायला तोंड नव्हतं. पण त्या काळ्या रेघेची भीती जास्त होती. "पाठवा," मी म्हणाले. "निघायच्या आधी तिच्या हातातही मी हातोडी देईन."

सोमवारी सकाळी जीप आली. सलीमभाई दांडा जोडायला मागे गेले आणि तसेच थांबले. दांड्यावर नाना बसले होते. शेजारी जेवणाचा डबा, मांडीवर पिशवी.

"नाना, उठा ना," सलीमभाई म्हणाले.

"मी आठून उठाव नही."

अण्णासाहेब आले, ओरडले, पोलिसांना बोलावतो म्हणाले. नाना म्हणाले, "बोलवा. चुना कालवलेला आहे. पोलिसांनाही दाखवतो." मी जाऊन त्यांच्या शेजारी बसले. कडक इस्त्रीच्या साडीला वंगण लागलं, ते डाग पुढे कधीच निघाले नाहीत. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, आमच्याकडे बघितलं, दवाखान्यातून स्टूल आणलं आणि त्याही समोर बसल्या. सलीमभाईंनी जीपची किल्ली खिशात टाकली आणि विडी पेटवली. अण्णासाहेब एकटेच उभे राहिले. मग म्हणाले, "धुळ्याला न्या. पण सिस्टर, चूक कोणाची हे मी लेखी घेणार."

मी तिथेच दांड्यावर बसून लिहून दिलं. दुसरी सही. ही मात्र तपासून केलेली.

धुळ्यापर्यंत रिकामा ट्रेलर बैलगाडीच्या चालीने नेला. दांड्याला नानांनी जाड साखळीचा आधार बांधलेला, आणि दर पाच मैलांवर जीप थांबवून खाली वाकून, आरसा घालून बघायचे. बापू मिस्त्रीने आम्हाला पाहिलं आणि हसला. आडदांड, दिलदार माणूस होता तो. वाईट नव्हता. त्याला कधी कोणी नाही म्हटलेलं नव्हतं, एवढंच.

"सिस्टरताई, माझ्या ट्रॉल्या बठ्ठ्या खान्देशात, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कापूस वाहतात. एक तुटली असेल तर दाखवा."

"कापूस झोपत नाही आत," नाना म्हणाले.

"आबा, तुमचं माझ्याशी काय वैर आहे का?"

तेव्हा नाना जे बोलले ते मी त्यांच्या तोंडून एकदाच ऐकलं. हातोडीचा दांडा पुसत पुसत म्हणाले, "मिस्त्री, आमच्या लोकांना जगाने कायम न तपासता नापास केलं. शाळेच्या दारात, विहिरीच्या काठावर. मी ठरवलं, आपण कोणाला न तपासता नापास करायचं नाही. आणि न तपासता पासही करायचं नाही. वैर असतं तर मी घरी बसून बोललो असतो. चुना घेऊन धुळ्याला कशाला आलो असतो?"

बापू मिस्त्री हार मानणारा नव्हता. वेल्डिंगचा चिमटा आणि काळ्या काचेचा मुखवटा त्याने नानांपुढे धरला. "मग करा तुम्ही. दाखवा कसा असतो पास जोड."

सगळं वर्कशॉप हात थांबवून बघायला लागलं. मी मनात म्हटलं, आता नाना दाखवतील. नानांनी तो चिमटा उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला.

"मला येत नाही."

"येत नाही?"

"आयुष्यात एक टाका मारलेला नाही. मला फक्त नाही म्हणता येतं. हो म्हणायला लावणं तुझं काम."

मिस्त्री इतका हसला की त्याला भिंतीला टेकून उभं राहावं लागलं. मग त्याने शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि कारागिरांना बाजूला करून स्वतः बसला. जुने जोड कापले. दांडा नवा घातला, त्याला दोन्ही अंगांनी तिरपे आधार दिले. टाकी पुढे आली, माझ्या खिडकीची शोभा गेली. स्टोव्ह दाराशी गेला. आरशाचं कपाट नानांनी नुसतं बघितलं, आणि मीच म्हणाले, "काढा." तीन दिवस नाना स्टुलावर बसून होते. अर्थात स्टूल आधी ठोकून. पहिल्या दिवशी सात नापास, दुसऱ्या दिवशी दोन. एकदा तर जोड चांगला दिसत असताना मिस्त्रीनेच मान हलवली, "थांबा आबा, हा मलाच पटत नाही," आणि स्वतः कापला. नाना तेव्हा पहिल्यांदा हसले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी चुन्यावर हातोडी मारत होते. दोन, तीन, चार, दहा. चुना पांढराच राहिला. नानांनी मला खडू दिला. मी 'पास' लिहिलं. अक्षर वाकडं आलं. मिस्त्रीने ते पुसू दिलं नाही. त्याभोवती लाल रंगाची चौकट काढून वरून वार्निश मारलं.

पुढे तो ट्रेलर नऊ वर्षं फिरला. नाले, खडक, पावसाळ्यातला काळा चिखल. एकदा नाल्याच्या ऐन मध्यात जीपचं चाक खड्ड्यात गेलं, घर एका अंगाला कललं आणि आत टेबलावर, जळगावला न्यायला घेतलेल्या एका पावरा आदिवासी बाईला कळा सुरू झालेल्या. सलीमभाई बाहेरून ओरडत होते, "सिस्टर, उतरा!" मी त्या दांड्याच्या दिशेला बघितलं आणि ओरडले, "नाही उतरत!" त्या तिरक्या घरात मुलगी झाली. दांडा करकरलासुद्धा नाही. मी जळगावला येऊन नानांना मोठ्या थाटात सांगितलं. त्यांना वाटावं की बघा, तुमच्यामुळे. तर ते म्हणाले, "काही झालं नाही ना? मग सांगतेस काय?"

बापू मिस्त्री दर दिवाळीला फराळ घेऊन जळगावला यायचा आणि नानांना हटकून एखादं नवं काम दाखवायला न्यायचा. अण्णासाहेबांनी माझी ती लेखी चूक माझ्या फायलीत जपून ठेवली होती. निवृत्तीच्या दिवशी मी ती मागून घेतली. घरी चौकटीत लावली आहे. नातवंडं पाहुण्यांना दाखवतात.

नव्वदच्या दशकाच्या मध्याला नानांचं हृदय थकलं. मोठ्या डॉक्टरांनी हालचाल बंद सांगितली. नानांनी डॉक्टरांची खुर्ची ठोकली आणि दुसऱ्या दिवशी भाजी आणायला गेले. मी रोज संध्याकाळी रक्तदाब बघायला जायचे. शेवटचे भेटले त्या दिवशी ओसरीवर बाजेवर बसलेले, पिशवी उशाशी. गयाबाई दारात उभ्या, माझ्या तोंडाकडे बघत. त्यांच्यासाठी म्हणून मी रक्तदाबाची पेटी उघडण्याआधीच, कानाला नळी न लावता, हसून मोठ्याने म्हणाले, "वा नाना, आज तर गाल कसे लाल दिसताहेत! एकदम ठणठणीत!"

नानांनी बाजेच्या लाकडावर हातोडीचा दांडा हळूच दोनदा वाजवला, मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "सिस्टरबाई, आयकीसन सांगी राहिनी, का रंग देखीसन?"